पाहण्यासारखं, पिण्यासारखं

आमच्या नाहूरला पाहण्यासारखं काही नाही. हे मी विनयाने म्हणत नाही, सतरा वर्षांच्या वास्तव्याच्या आधारावर म्हणतो. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये धीमी गाडी जिथे एकदा श्वास घेते, त्या जागेला नाहूर म्हणतात. जलद गाडीला तेवढीही गरज वाटत नाही. पत्ता सांगताना आम्ही 'मुलुंडच्या अलीकडे' असं सांगतो आणि विचारणारा मुलुंडचाच असला तर 'भांडुपच्या पलीकडे' असं सांगतो. नाहूरला नाहूर म्हणून कोणी येत नाही.

त्यामुळे आमच्या सोसायटीला सहलीचं भारी वेड. जिथे पाहण्यासारखं काही नसतं तिथल्या माणसांना दुसरीकडे जाऊन पाहण्याची हौस दांडगी असते. यंदा पुणं ठरलं. तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी सभेत उभं राहून, "पुणे म्हणजे पूर्वेचं ऑक्सफर्ड" असं सांगितलं आणि नंतर पाच मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. एवढ्या मोठ्या वाक्यानंतर बोलण्यासारखं काही उरतही नाही.

कार्यक्रम आखायचं काम माझ्यावर आलं. त्याची कारणं दोन. एक म्हणजे मी पुण्यात बी. कॉम. झालो. दुसरं म्हणजे मी बँकेत क्लार्क आहे आणि बँकवाल्यांना शनिवारी काही काम नसतं अशी सोसायटीची ठाम समजूत आहे. २०१५ पासून फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, पहिल्या-तिसऱ्याला आम्ही काउंटरवरच असतो, हे मी अनेकदा सांगून पाहिलं. "तेच ते," असं म्हणतात.

माझ्या हाती दोन याद्या आल्या. पहिली काकांची. शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ गणपती, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय, सारसबाग, पर्वती, शिंदे छत्री, आगाखान पॅलेस आणि विद्यापीठ. एकूण दहा स्थळं, अक्षर सुवाच्य, प्रत्येक ओळीला आकडा. दुसरी यादी सोसायटीतल्या तरुण मंडळींची. तीत सात पब होते. नावं सगळी इंग्रजी, ठिकाणं कोरेगाव पार्क, कल्याणीनगर आणि बाणेर. यादीच्या खाली 'काकांना दाखवू नये' असं लिहिलेलं होतं. ती काकांनीच माझ्याकडे आणून दिली.

पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, पण 'पाहण्यासारखी ठिकाणं' नावाच्या यादीची समीक्षा कोणी करत नाही. वास्तविक मराठी माणसाने आयुष्यात सर्वांत जास्त विश्वास ठेवलेलं वाङ्मय हेच असेल. तेव्हा हे दुर्लक्षित काम मी अंगावर घेत आहे. समीक्षकाला लागणारी कोणतीही पदवी माझ्याकडे नाही. फक्त बेरीज-वजाबाकी येते, आणि यादीच्या समीक्षेला पहिल्यांदा तीच लागते.

बस पुण्यात दहाला पोचेल आणि सहाला निघेल, म्हणजे आठ तास, चारशे ऐंशी मिनिटं. जेवणाला साठ, चहाला तीस. हरवलेली माणसं शोधायला तीस, आणि हा आकडा मी गेल्या सहलीच्या अनुभवावरून कमीच धरला आहे. उरली तीनशे साठ. दहा ठिकाणांमधले नऊ प्रवास, प्रत्येकी वीस मिनिटं धरली तर एकशे ऐंशी. बाकी एकशे ऐंशी भागिले दहा. पूर्वेच्या ऑक्सफर्डमधल्या प्रत्येक प्रेक्षणीय स्थळाच्या वाट्याला अठरा मिनिटं आली. त्यातही देवळात चपला काढण्यात आणि परत शोधण्यात सहा जाणार. पेशवाई लयाला जायला एवढी घाई झाली नव्हती.

आता खऱ्या ऑक्सफर्डबद्दल. मी तिथे गेलेलो नाही. पण बँकेच्या वाचनालयात त्या शहराविषयीचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते माझ्याशिवाय कोणी नेत नसे, त्यामुळे मी ते सावकाश वाचलं. त्यात मला एक गंमत दिसली. तिथे पाहण्याच्या जागा आणि पिण्याच्या जागा एकाच यादीत येतात. आधी कॉलेज, मग ग्रंथालय, मग पब, मग पुन्हा कॉलेज. 'ईगल अँड चाइल्ड' नावाच्या पबच्या मागच्या खोलीत टोल्किन, सी. एस. लुइस आणि त्यांचा कंपू वर्षानुवर्षं मंगळवारी सकाळी जमून गप्पा मारत असे. सकाळी! आपल्याकडे त्या वेळेला प्राध्यापक दूध तापवत असतो. त्या पबला २०२० साली करोनाच्या काळात कुलूप लागलं, तेव्हा एखादं ग्रंथालय बंद पडल्यासारखे लोक हळहळले. कारण तिथला पब ही पिण्याची जागा कमी आणि बसण्याची जागा जास्त. विद्यापीठाचा अर्धा अभ्यासक्रम तिथेच पुरा होत असणार.

आमच्या दोन याद्या मात्र एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. पहिलीत बसायची सोय नाही आणि दुसरीत इतिहासाची. आणि यात पुण्याचा दोष नाही. पुणे विद्यापीठ स्थापन झालं ते १९४९ च्या फेब्रुवारीत. आणि मुंबई दारूबंदी कायदाही १९४९ चाच! एकाच साली एकाच राज्यात जन्मलेली ही दोन भावंडं. पुढे त्या कायद्याला बऱ्याच पळवाटा फुटल्या, तरी आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे सरळ वेळेवर पास होणारा विद्यार्थी पदवी हातात पडेपर्यंत कायद्याने फक्त चहा पिऊ शकतो. पूर्वेच्या ऑक्सफर्डचा पब कुठे शोधायचा ते या हिशेबात आलंच. पण दोन्ही यादीकारांनी तो कुठेच लिहिलेला नव्हता.

दुसऱ्या शनिवारी मी पाहणीला निघालो. निघताना ताई जिन्यात भेटली. माझी थोरली बहीण, बी विंगला राहते. तिचा मुलगा चार वर्षं पुण्यात आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. एकदा पूर्व पास झाला, मुख्यला राहिला. दुसऱ्यांदा मुलाखतीपर्यंत गेला आणि थोडक्यात हुकला. ताई म्हणाली, "तू चाललाच आहेस तर त्याला भेट. आणि जमलं तर... घेऊन ये. सव्वीस पुरी झाली. मी बोलले तर त्याला लागतं. तू मामा आहेस, तुझं नाही लागायचं." मामाचं बोलणं का लागत नाही हे मी विचारलं नाही. तुमच्या बँकेत क्लार्कच्या जागा निघाल्यात का, असंही तिने विचारलं. मग माझ्याकडे बघून, "म्हणजे तेही काही वाईट नाही," असं म्हणाली.

धीम्या गाडीने ठाणं आणि तिथून पहाटेची इंद्रायणी. शिवाजीनगरला भाचा उतरवून घ्यायला आला होता. दाढी वाढलेली, पाठीला सॅक, चेहरा हसरा. मी त्याला याद्या दाखवल्या. त्याने त्या प्रश्नपत्रिकेसारख्या आधी संपूर्ण वाचल्या आणि म्हणाला, "मामा, सगळे प्रश्न अनिवार्य आहेत का?"

शनिवारवाड्यापासून सुरुवात केली. १७३२ साली या वाड्याची वास्तुशांत झाली आणि खर्च आला १६,११० रुपये. हा आकडा मला फार आवडतो. वरचे एकशे दहा ज्याने लिहून ठेवले तो माणूस बँकेत शोभला असता. परंतु वाड्यात पाहण्यासारखं जे होतं ते १८२८ च्या आगीत गेलं. आता उरली आहे तटबंदी, खिळ्यांचा दिल्ली दरवाजा आणि आत जोती. प्रवेशाचा थाट पाहून प्रेक्षकाची अपेक्षा वाढते आणि आत शिरल्यावर रंगमंच रिकामा. तरी मी सांगतो, शनिवारवाडा बघावा. पण अठरा मिनिटांत नव्हे. एखाद्या जोत्याजवळ बसून, इथे दिवाणखाना असेल, इथे माजघर असेल, असं स्वतःशी बांधत बसावं. तेवढा वेळ नसेल तर दरवाजाच पाहून यावं. लाल महाल मात्र अठरा मिनिटांत होतो, कारण मूळ वाडा कधीच गेला आणि आजची इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात उभारलेली आहे.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. काकांच्या यादीत त्याच्यापुढे 'लाकडी कोरीव काम' एवढंच होतं. खरी बातमी निराळी आहे. पेशवाई बुडून तीनच वर्षं झाली होती, तेव्हा १८२१ साली याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या दक्षिणेच्या पैशातून ती चालवली गेली. म्हणजे पुणं विद्यापीठाचं शहर झालं ते या जिन्यावरून. पाहुणे मात्र खांबांचे फोटो काढतात आणि जिन्याला रांगेतला अडथळा समजतात.

केळकर संग्रहालयाला मी पैकीच्या पैकी गुण देतो. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे उभं केलं. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या. राजेरजवाड्यांची नव्हे, घराघरांतली वस्तू या माणसाने आयुष्यभर गोळा केली. एकेका अडकित्त्यावर घोडे, मोर, राघू. सुपारी फोडायला एवढी कला लागत नाही, पण फोडणाऱ्याला ती लागत होती. हजारो वस्तूंचा तो संग्रह केळकरांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. तिथे अठरा मिनिटांत तुम्ही फार तर दिव्यांपर्यंत पोचता.

दगडूशेठला गर्दी होती. दर्शन घेऊन आम्ही वळलो आणि भाच्याने समोर बोट दाखवलं. "मामा, हे तुझ्या कोणत्या यादीत आहे?"

समोर भिडे वाड्याची जागा होती. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. वाडा पडायला आला होता, खाली दुकानं होती, कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडत होत्या. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये, राष्ट्रीय स्मारक करायचं म्हणून, महापालिकेने तो उतरवला. २०१४ पासून पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. एका विद्यापीठाला जिचं नाव द्यावं, तिची पहिली शाळा कोणत्याही यादीत नव्हती. बरं, ती आडबाजूला होती असंही नाही. लाखो माणसं दर वर्षी गणपतीला हात जोडताना तिच्याकडे पाठ करून उभी राहत होती.

मला काकांना नावं ठेवायची फार इच्छा झाली. पण मी पुण्यात तीन वर्षं होतो. प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी दगडूशेठला येत होतो. तीन वर्षांत मी किती वेळा तिथे पाठ करून उभा राहिलो असेन याचा हिशेब मला लागतो, पण लिहीत नाही. माझी आई सातवी शिकली होती. घरातला सगळा पत्रव्यवहार तीच करायची. तिच्या त्या अक्षराचं मूळ कुठे आहे, हे मला बी. कॉम.पर्यंत कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

"चल," भाचा म्हणाला, "पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न दुसऱ्या यादीतला होता. दुपारी तीन वाजता आम्ही एका पबमध्ये गेलो. दुपारी तीनचा पब म्हणजे वऱ्हाड निघून गेल्यावरचं मंगल कार्यालय. एक पोऱ्या खुर्च्या मांडत होता, आणि गाणं मात्र हजार माणसं असल्यासारखं लागलेलं होतं. समीक्षकाने निःपक्ष असावं म्हणून सांगतो, जागा स्वच्छ होती, खुर्च्या मऊ होत्या, माणसं अदबीने बोलत होती. ती काय बोलत होती ते ऐकू आलं नाही. मेनूकार्ड मी मागच्या पानाकडून, म्हणजे किमतींकडून, वाचलं. एका ग्लासाच्या पैशात भाच्याची चार दिवसांची मेस होत होती. आम्ही एक लिंबू सोडा दोघांत घेतला. माझा आक्षेप दारूला नाही. माझा आक्षेप असा, की तिथे मी भाच्याला, "पुढे काय ठरवलंस?" असं विचारलं आणि तो म्हणाला, "गोड आहे."

बाहेर पडल्यावर मी पुन्हा विचारणार होतो, पण धीर झाला नाही. म्हणून फर्ग्युसन रस्त्याला गेलो. कॅफे गुडलकमध्ये चहा आणि बन-मस्का मागवला. १९३५ सालचं हे इराणी हॉटेल. मी विद्यार्थी असताना बॅलन्सशीट जुळत नसली की इथे यायचो. चहात बुडवलेला बन-मस्का खाल्ला की ती जुळत नसे, पण न जुळण्याचं काही वाटेनासं होई. माझ्या कॉलेजच्या वाटेवर भांडारकर संस्था होती. महाभारताच्या शेकडो हस्तलिखित पोथ्या एकमेकींशी ताडून, मागाहून घुसलेलं बाजूला काढून, तिथल्या विद्वानांनी १९१९ पासून १९६६ पर्यंत चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एकोणीस खंड, सत्तेचाळीस वर्षं. मी त्या कुंपणावरून तीन वर्षं गेलो आणि आत डोकावलो नाही. पण आज त्या बन-मस्क्यासमोर मला त्यांची रीत उपयोगी पडली. पुण्याच्या सगळ्या याद्या ताडून पाहाव्यात, मागाहून घुसलेलं काढावं आणि सगळ्यांच्या आठवणीत जे सारखं असेल ते ठेवावं. पुण्यात शिकून गेलेल्या कोणालाही विचारा. तो शनिवारवाडा सांगत नाही. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढून वर बसलेली संध्याकाळ सांगतो, पाताळेश्वराच्या लेण्यातला थंडावा सांगतो, एखादा कट्टा सांगतो, एखादं टेबल सांगतो. सगळ्या बसायच्या जागा.

तेव्हा माझा निकष ठरला. विद्यापीठाच्या शहरातली जागा चांगली की वाईट हे तिथे काय दिसतं यावरून ठरवू नये. एका कपावर तिथे किती वेळ बसू देतात यावरून ठरवावं.

"मग तुला एक जागा दाखवतो," भाचा म्हणाला.

सदाशिव पेठेत त्याच्या अभ्यासिकेच्या खाली एक अमृततुल्य आहे. अमृततुल्य हा पुण्याचा शब्द. राजस्थानातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनी ही चहाची दुकानं इथे रुजवली आणि नाव असं दिलं की पुढे समीक्षेला जागाच ठेवली नाही. पितळी पातेलं, सतत फिरणारा डाव, खलबत्त्यात आलं-वेलदोड्याची ठकठक, फडक्यातून गाळलेला दाट गोड चहा. पाच वाजले होते. वरच्या अभ्यासिकेतून मुलं उतरायला लागली. कोणी बीडचा, कोणी सांगोल्याचा, कोणी अक्कलकोटचा. कॉट बेसिसवर राहणारी, मेसचं जेवणारी, दोन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत याच फूटपाथवर शिकणारी. अर्ध्या चहावर अर्धा तास. एकाने राज्यपालाच्या अधिकारांचं कलम काढलं, दुसऱ्याने त्याला खोडलं, तिसऱ्याने कृष्णा खोऱ्याचं पाणी मधे आणलं. मंगळवार नव्हता आणि कोणी टोल्किन नव्हता, एवढाच फरक.

बाकावर गल्ल्याशेजारी एक वही होती. उधारीची. पन्नाशीच्या मालकांना मी बँकेत असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी ती कौतुकाने माझ्यापुढे केली. प्रत्येक पोराला एक पान. वर नाव आणि गाव, खाली आकडे. आधार नाही, पॅन नाही, जामीनदार नाही. आमच्या मॅनेजरला घेरी आली असती.

"बुडतं का हो खूप?" मी धंद्याचा प्रश्न विचारला.

"नाही साहेब. पोरं बुडवत नाहीत. पास झालेली पेढे घेऊन येतात, गडबडीत असतात, पैसे पुढच्या खेपेला देतात. नापास होऊन गावी परत जाणारी मात्र आधी पैसे देतात. पान कोरं करून मग बॅग भरतात." डाव फिरवत ते म्हणाले, "मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं."

मी वही चाळत होतो. पान उलटता उलटता भाच्याचं नाव आलं. गाव : नाहूर. खाली आकड्यांची रांग आणि शेवटी कालच्या तारखेला सगळं खोडून, 'पूर्ण जमा'.

मी वही मिटली. एकवीस वर्षं मी लोकांची खाती बंद करतो आहे. खातेदाराला, "काही अडचण आली का?" असं विचारण्याची पद्धत आहे आणि आम्ही ते फॉर्मवरून डोळे न उचलता विचारतो. त्या दिवशी मला डोळे उचलावे लागले.

"कधी ठरवलंस?"

"परवा. आईचा फोन आला, मामा येतोय म्हणून. इतकी गोड बोलली की म्हटलं संपलं." तो हसला. मग हसायचा थांबला. "मामा, मी दमलो नाहीये रे. अजून एकदा देणार आहे. पण तिच्या पैशाने इथे बसायचं नाही आता. घरून देतो. फक्त तिथे..." त्याने फूटपाथवरच्या घोळक्याकडे पाहिलं. "तिथे बसायचं कुठे?"

हा प्रश्न दोन्ही याद्यांच्या बाहेरचा होता. मी बँकेच्या जागांचं बोललोच नाही. दुसरा चहा सांगितला. मालकांनी पैसे घेतले नाहीत. "लिहून ठेवतो," म्हणाले आणि त्याच पानावर 'पूर्ण जमा'च्या खाली दोन चहा लिहिले.

संध्याकाळच्या इंद्रायणीने आम्ही दोघं परत आलो.

सोसायटीच्या सभेत मी अहवाल ठेवला. तीस माणसांनी अठरा-अठरा मिनिटं पाहण्यासारखं पुण्यात काही नाही. तीन माणसांनी तीन दिवस बसण्यासारखं बरंच आहे. भिडे वाड्यासमोर मात्र तोंड करून एक मिनिट उभं राहावं, त्याला अठराही लागत नाहीत. अहवाल एकमताने नोंदवून घेण्यात आला आणि सहल गणपतीपुळ्याला गेली. काका मात्र दोन दिवसांनी येऊन विचारून गेले, "ती शाळा नक्की कुठल्या बाजूला?" आणि त्यांनी यादीत अकरावा आकडा घातला.

त्याच सभेत मी दुसरा विषय काढला होता. आमच्या सोसायटीचं ऑफिस महिन्यातले एकोणतीस दिवस बंद असतं. आत एक मोडका कॅरम, गेल्या वीस वर्षांच्या पाण्याच्या बिलांच्या फायली आणि बारा खुर्च्या. ते रोज सात ते अकरा मुलांना बसायला उघडावं, अशी माझी सूचना. सेक्रेटरी म्हणाले, विजेचं बिल कोण भरणार? मी म्हणालो, मी. ते म्हणाले, उद्या मुलं गप्पा मारतील. मी म्हणालो, मारतीलच, त्यासाठीच उघडायचं आहे. बरीच वादावादी झाली. शेवटी ताई उठली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. म्हणाली, "किल्ली माझ्याकडे ठेवा."

सध्या तिथे चार मुलं बसतात. एक माझा भाचा, एक सी विंगची सीएची मुलगी, दोन वॉचमनचे मुलगे. दहावीचा मोठा भाच्याला गणित विचारतो आणि भाचा मला विचारतो. साडेनऊला ताई थर्मास घेऊन येते. चहा अमृततुल्य नाही, साखर कमी असते. भिंतीवर खिळ्याला एक वही टांगली आहे. मुलांनीच टांगली. तिच्यात प्रत्येकाचं एक पान आहे आणि सगळ्यांची बाकी आहे.

काल एका नातेवाइकाने फोनवर विचारलं, "तुमच्या नाहूरला काय आहे पाहण्यासारखं?" मी सांगितलं, सोसायटीचं ऑफिस. संध्याकाळी सातनंतर या. वेळ काढून या मात्र, अठरा मिनिटांत होत नाही.